गाठ काखेत होती हो!

“पोरीची पिशवी काढली म्हनं! लगीन होऊन पाच महिने नाय झाले, न् पिशवी काढली!”

आता हे वाक्य माझ्यासाठी नव्हतंच मुळी. शेजारच्या मैनामावशी समोरच्या घरातल्या सुलूला सांगत होत्या, आमच्या खिडकीखाली बोंबील उलटेपालटे करता करता, आणि अगदी हळू आवाजात... म्हणजे मैनामावशींचा हळू आवाज, जो बंदरावर होडीतल्या माणसाला ऐकू जातो, तो! मी आत खाटेवर, उजवा हात उशीवर, हलायची सोय नाही, कान मात्र दोन्ही शाबूत. आणि तुम्हाला सांगते, मला आधी त्या पोरीची दयाच आली! म्हटलं, कोण बिचारी? तर सुलू म्हणते, “कोन, उन्नती?”

अहो, उन्नती म्हणजे मी! आणि गाठ काखेत होती हो, काखेत!

झालं काय, काखेत सुपारीएवढी गाठ आली. म्हटलं केसतोड असेल, गोळ्या खाल्ल्या, तर ती लिंबाएवढी झाली. मग बोईसरचे डॉक्टर, त्यांनी धाडलं पालघरला, तिथल्या सर्जननी एक गाठ म्हणत चार काढल्या, तपासायला पाठवल्या, आणि काखेत नळी खुपसून तिच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी लावली, आतलं पाणी साचायला. ती पिशवी पदराखाली खांद्याला अडकवूनच मी दांडीला, सासरी, परत आले. “सोमवारी या, पिशवी काढू,” नर्स म्हणाली. एवढंच!

पण हे एवढंच आमच्या ह्यांनी, म्हणजे सुजीतनी, ओट्यावर उभं राहून कंपनीच्या सुपरवायझरला फोनवर सांगितलं. आणि आयुष्य मशीनशेजारी गेलेलं, त्यामुळे आवाज कसा? “हॅलो! ऑपरेशन झालं! सोमवारी बायकोची पिशवी काढायची हाय! सुट्टी पायजे!” आता मला सांगा, आमच्याकडे बायकांच्या तोंडी पिशवी म्हणजे एकच पिशवी, गर्भाची, दुसरी कुठली पिशवी कोणाला ठाऊक? सुट्टी काही मिळाली नाही. बातमी मात्र संध्याकाळच्या आत घिवलीला, माझ्या माहेरच्या गल्लीत!

बरं, तोंडावर कोणी विचारेल तर शप्पथ! तोंडावर विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का? पण नवी नवरी, तिच्यासमोर असला शब्द कसा काढायचा? म्हणून सगळं ‘ते’ आणि ‘ती’. “तुझं ते... कसं हाय आता?” मी म्हणते, बरं आहे. “दुखतं?” थोडं दुखतं. “सगळीच काढली काय गं?” मी आपली काखेच्या हिशोबाने उत्तर देतेय, हो, सगळं साफ केलं म्हणाले डॉक्टर, पुन्हा त्रास नको म्हणून. “पुन्हा तरास नको म्हनून!” असं म्हणून सासूबाईंचा पदर डोळ्याला! आणि मी मनात म्हणतेय, सासरची माणसं किती मायाळू, एका गाठीसाठी रडतात!

म्हणजे खिडकीखालचं ऐकेपर्यंत चार दिवस मीच स्वतःच्या तोंडाने कबुली देत बसले होते!

आणि ऐकल्यावर तरी काय करणार? जे तुम्हाला कोणी म्हटलंच नाही, ते नाही म्हणून कसं सांगणार? की दारोदार जाऊन हात वर करायचा? नवी सून, डोक्यावरचा पदर सांभाळत, मोठ्या माणसांना काख दाखवत फिरणार? गाठ काखेत होती, पण काख हा काय चारचौघांत काढायचा शब्द आहे?

बरं, काळजी करायची ती तरी नीट करा! “वाकू नको हां, पोटावर जोर येल,” म्हणत पाण्याने भरलेली कळशी माझ्या हातात... कुठल्या? उजव्या! उठायला मदत करायची तर उजवाच दंड धरून हिसका! डिंकाचे लाडू, पोटाला बांधायला जुनं लुगडं, सगळं आलं, काखेला विचारतो कोण! उजव्या हातात बांगडी नको म्हणून डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं, सूज येते, तर डाव्या हातात हिरवा चुडा न् उजवा भुंडा, त्यावर वेगळी चर्चा. हात हळूहळू वर जावा म्हणून भिंतीवर बोटं चालवत न्यायचा व्यायाम, तर सुलू दारातूनच परत फिरली, “डोक्यावर परिनाम झाला गं तिच्या, भिंतीला गुदगुल्या करते!”

मग रिपोर्ट आला. क्षय नाही, दुसरं तिसरं काही नाही, साधी सूज निघाली. आठ रात्री मी ज्यासाठी छताकडे बघत काढल्या, तो रिपोर्ट! सुजीतनी आनंदाने पेढे आणले आणि गल्लीत वाटले. वाटले ना! बायकोची पिशवी काढली म्हणून पेढे वाटणारा दांडीतला पहिला नवरा!

तोवर माझं मी हसण्यावारी नेत होते. पण काल दुपारी बाहेरच्या खोलीत मैनामावशी, सुलू आणि सासूबाई बसल्या होत्या. मी पडद्याआड. मैनामावशी म्हणाल्या, “एकुलता एक पोर तुजा. वंश बुडवायचा काय? माज्या भावाची सपना हाय, बारावी झालेली. बोलू काय?”

सपना! तिने तर माझ्या हळदीला गाणी म्हटली होती!

आणि सासूबाई... आता मला वाटलं, हाकलतील मैनामावशींना. तर त्या हुंदका देत म्हणाल्या, “नको गं. मी तिला माफ केलंय. पोरगी गरीब हाय, सांभाळीन मी. कोनाचं तरी पोर मांडीवर घेऊ.”

माफ केलंय! अहो, कशाबद्दल? मी काय केलं? शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं हो, पण न केलेल्या गुन्ह्याची माफी, तीही रडत रडत! इतके दिवस तोंडात धरलेलं सगळं वर आलं. पडदा सारला, गेले मधोमध, पदर पडला तर पडू दिला, आणि उजवा हात केला वर... कानापर्यंत! डॉक्टर म्हणाले होते महिना लागेल, माझा बाराव्या दिवशी गेला, निव्वळ संतापाने!

“ही बघा काख! हे टाके! काढली ती गाठ, इथली. पिशवी प्लास्टिकची होती, दवाखान्यातच टाकली. माझी आहे तिथे आहे!”

बाहेर एक मांजर बोंबील ओढत होतं, कोणी हाकललंसुद्धा नाही. मग सासूबाई उठल्या, माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, रडल्या, हसल्या, मला कुशीत घेतलं. तुम्हाला सांगते, त्या एका मिनिटात मी त्यांना सगळं माफ केलं. एकच मिनिट हं... कारण लगेच तिघी एका सुरात,

“मग गोड बातमी कदी?”

“दिवाळीपर्यंत कळेल ना गं काय ते?”

“पोरगाच होईल, माजा शब्द हाय!”

“हात बरा झाला ना, मग आता कशाला थांबायचं?”

मी हात खाली घेतला. पदर नीट केला. आणि म्हटलं,

“मैनामावशी, तुमचंच खरं. काढली पिशवी.”