फिनपाशी एक थर

नाही साहेब, तो थर नाही काढणार — वीस ग्रॅम वाचतील, ठाऊक आहे मला, तुमच्यासमोर मीच ही छोटी होडी काट्यावर ठेवली ना — दोनशे दहा. तुम्हाला एकशे नव्वद हवी. का हवी? तर तुमच्या शर्यतीतल्या त्या दुसऱ्या गृहस्थांची तेवढी आहे म्हणून. असू दे की! हे बघा, या फटीत फिन बसणार, म्हणजे हे उभं पातं, त्याच्याखाली अडीच किलो शिसं लोंबकळणार — वारा भरला, होडी कलली, की सगळा भार कुठे? इथे, या चार बोटांवर. आणि नेमकं इथलंच फायबरचं कापड एक थर घासून कमी करा म्हणता. आपण रिमोट घेऊन काठावर उभे, बुडाली तर खेळणं बुडालं — असं म्हणालात मघाशी, हसून. मी नाही हसलो.

रागावलो नाही हो. बसा. त्या साच्याला हात नको, पुढच्या होडीचं रेझिन ओलं आहे अजून.

शिडं? ती दादा शिवतो. सनी, माझा थोरला भाऊ — बाहेर मांडवात बसलाय ना, तोच. होय, कुबड्या त्याच्याच. मासेमारी करायचा आधी... त्याची फायबरची होडी मीच बांधलेली. तेव्हा मी मोठ्या बांधायचो, देवबागात निम्म्या माझ्या हातच्या. दादाने नवं इंजिन आणलं, मोठं. आणि मला काय हवं होतं? मिंगेलची होडी सगळ्यांत हलकी, सगळ्यांत पळणारी, असं किनाऱ्यावर बोलायला हवं होतं लोकांनी. बस, एवढंच! मागच्या फळीला, इंजिन आवळतात तिथे, पाच थर घालायचे — मी चार घातले. त्याने विचारलं हो, इंजिन चढवताना, "मिंगेल, सगळे थर घातलंस मां रे?" मी म्हटलं, "होय तर!"

तीन महिने चालली. मग खाडीच्या तोंडाशी मागून लाट आली, फळी उखडली, इंजिनासकट — पंखा फिरत होता साहेब. पाय गुडघ्यापासून... दोन तास तसाच पाण्यात, तेलाच्या रिकाम्या डब्याला धरून. सगळे म्हणाले खडकाला लागली. मीही म्हटलं, खडकच. तुटलेल्या कडेला थर मोजता येतात, वहीच्या पानांसारखे — कोणालाही. म्हणून ती होडी किनाऱ्यावर आणल्या दिवशीच मी जाळली. काळा धूर नुसता. तर दादा खाटेवरून मला म्हणतो, "बरां केलंस, नजरेसमोर नको ती." आणि अजून गावभर सांगतो — माझ्या भावान माझ्यापायी मोठे होडये सोडल्यान. सात वर्षं ऐकतोय. जेवताना, चर्चच्या पायरीवर, गिऱ्हाइकांसमोर...

हे मी तुम्हाला कशाला — काय चाललं होतं आपलं? वीस ग्रॅम. नाही. न्यायची तर अशीच न्या, नाहीतर ठेवा इथे.

नेताय? बरं. उचला, दोन्ही हातांनी. निघा आता, माझं रेझिन घट्ट व्हायला लागलं. आणि थांबा — बाहेर शिडाबद्दल चांगलं बोला, आवडतं त्याला. पायाचं काढू नका. खडकाचंही नको. तो स्वतःहून सांगायला लागला तरी नुसती मान हलवा.

काय रे दादा? ... गाडीपर्यंत? नको, नको, तू बस. बस म्हणतंय ना! मीच सोडतंय तेंका.