दुसरा ब्रेक

...नाही पण ठोकाठोकी सहन करायची तरी किती, तुम्हीच सांगा! अकरा दिवस! आमच्या फाटकासमोर तो भला थोरला ट्रक, ट्रकखाली चटई, चटईवर मामा, आणि बाहेर दिसतात ती नुसती मामांची पावलं. आता मला काय करायचंय म्हणा! पण येता-जाता पावलांशी न बोलता माणसानं राहायचं तरी कसं? वाकले. म्हटलं, "मामा, काय चाललंय?"

मामा म्हणजे शेजारच्या ड्रायव्हरच्या बायकोचे सख्खे मामा, गॅरेजात केस पांढरे केलेला माणूस. खालूनच म्हणाले, "दुसरा ब्रेक बसवतोय." अगं बाई! दुसरा का? पहिल्याला काय झालं?

झालं होतं हो! दोन महिन्यांपूर्वी डोंगराच्या उतारावर, भरलेला ट्रक, ब्रेकला हवा देणारा पाइप फुटला आणि हा ड्रायव्हर पाय दाबतोय, दाबतोय, तर ब्रेक नाहीच! कडेला वाळूचा ढीग होता म्हणून वाचला. ट्रकला ओरखडा नाही, पण माणूस? माणूस मोडला की! किल्ली खिळ्याला टांगली ती टांगलीच. दिवसभर पायरीवर. बायको चहा ठेवायची, त्यावर साय धरायची, हा सायीकडे बघत बसायचा. मला काय करायचंय, पण आमच्या खिडकीतून दिसतं त्याला मी काय करू? शेवटी मामांना म्हणाला, "बसवा तुम्हाला काय बसवायचं ते. पण एकदा उतारावर नाही थांबला, तर मी परत स्टिअरिंगला हात लावणार नाही." ती बिचारी पोर, त्याची बायको, दारात उभी, पदर तोंडाला लावून.

मग मामांनी मला समजावलं. म्हणजे मी विचारलं म्हणून. "काकू, यात जाडजूड स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप आवळतो. शिवाय हा लाल खटका, हातानं ओढला तरी तेच." म्हटलं, कळलं, आमच्या ह्यांच्यासारखं! दाबून धरलंय तोवर गप्प, सुटले की अख्खं घर जागच्या जागी थांबतं! आणि खटका बसवला कुठे, तर बायकोच्या बाजूला, ती आता फेरीला सोबत बसणार म्हणे. का? "घाबरला की हा नुसता पाय आपटत बसतो. ओढायचं तिनं." शहाणा माणूस!

रविवारी सकाळी ट्रक उतारावर न्यायचा ठरला. मी गेले होते फक्त तिची वाटी परत द्यायला. ती म्हणाली, "काकू, तुम्ही पण चला ना, मला भीती वाटतेय." आता पोरीला नाही कसं म्हणायचं? चढले. ड्रायव्हर, मधे मी, खिडकीशी ती, आणि मामा रस्त्यावर, "येऊ दे... येऊ दे..." करत. ह्याच्या कपाळावर घाम. ट्रक हलला. दहा पावलं गेला असेल, आणि माझ्या अगदी नाकासमोर तो लाल खटका, लिंबाएवढा... मला काय करायचंय हो! पण "हाच का गं तो?" म्हणेपर्यंत हात गेलेला!

फुस्स्स! धाडकन! वाटी काचेवर, मी वाटीवर, आणि लाल गोळा माझ्या मुठीत! उपटूनच आला. ट्रक जागच्या जागी, माझं फाटक अडवून, आडवा! मामा ओरडत आले, "कुणी ओढला? कुणी ओढला?" मी मूठ पदराखाली. ड्रायव्हर मात्र आपल्या पायाकडे बघत बसला. मला वाटलं, गेलं! आता हा उतरतो आणि जन्माचा पायरीवर बसतो.

तर हसायला लागला हो! दोन महिन्यांत पहिल्यांदा! "मामा, माझा पाय ब्रेकवर नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं. तरी थांबला! पक्कड आणा, खटक्याच्या जागी लावा, आत्ताच्या आत्ता उतारावर जाऊ. काकू, तुम्ही उतरा." मला उतरवलं! मलाच!

तासभर फाटकाशी उभी होते, घरातलं दूध उतू गेलं. मग कोपऱ्यावरून हॉर्न... आणि पोर खिडकीतून अर्धी बाहेर, "काकू, मामांनी सगळी हवा सोडली तेव्हा थांबला, मी पक्कड ओढली तेव्हाही थांबला! तीनदा थांबला!" माझ्या डोळ्यांत पाणी. ते वाऱ्यानं.

सोमवारी बायकोला शेजारी बसवून भरलेला ट्रक घेऊन गेला डोंगरापलीकडे. गुरुवारी सुखरूप परत. मामांनी नवा खटका बसवलाय, त्यावर झाकण, आणि झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहिलंय, "शेजाऱ्यांनी हात लावू नये." नाव नाही कुणाचं. पण अख्खी गल्ली ते वाचते आणि माझ्या खिडकीकडे बघते... बघू देत. गाडी थांबते ना, मग शेजारीण बदनाम झाली तर झाली.