मी तुझ्या जागी असते तर

नगर-पारनेर एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी जावा होत्या. धाकटी रुपाली इंग्रजीच्या क्लासहून परतत होती, थोरली बनुबाई डोळे तपासून.

“बाई, क्लासचा अभ्यास हाय. मी अडचण सांगते, तुमी सल्ला द्या. पुण्याला नोकरी लागली तर मी जाऊ का?”

“जाऊ नको.”

“असं न्हाई. ‘इफ आय वेअर यू’ म्हणा. म्हंजे, मी तुझ्या जागी असते तर.”

“तुझ्या जागी? तुला भावजी क्लाससाठी गाडीवर स्टँडपर्यंत सोडत्यात. मला सातवीतनं काढली.”

“अवो, नुसतं धरून चालायचं. खरं नसतं, म्हणून तर ‘वेअर’ म्हणायचं.”

“खरं व्हायचंच नसंल तर शिकवत्यात कशाला?”

“सल्ला द्यायला. बोला की.”

“म्हशींच्या धारा कोन काढंल?”

“बाई, नोकरी खरंच लागलीय. सोमवारी हजर व्हायचंय. घरी अजून कुनाला सांगितलं न्हाई.”

बनुबाईनं हातातला डोळे तपासल्याचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

“परत म्हण ते.”

“इफ आय वेअर यू.”

“इफ आय वेअर यू...”

“आता ‘आय वुड’. म्हंजे, मी काय केलं असतं ते.”

“आय वुड... घरी इचारायला आलेच नसते.”

“म्हंजे जाऊ?”

“आता गप बस. तुझ्याकडं बघवत न्हाई मला, माझी सातवी आठवती.”