लाल घोड्याची दुसरी बाजू

(हॉस्पिटलमधली एका पलंगाची खोली. दुपार. पलंगावर तो डोळे मिटून पडलेला, उशीशेजारी छोटा स्पीकर. एका बाजूला त्याची बायको, दुसऱ्या बाजूला धाकटी बहीण, जिला घरात सगळे चिमी म्हणतात.)

चिमी: नाही वहिनी, तुझा तो पुलाच्या चित्राचा अल्बम नको. तो ऐकून धडधाकट माणूससुद्धा बेशुद्ध पडेल.

वहिनी: आजच्या दिवस काहीतरी शांत लावू, एवढंच म्हणतेय. आठवडाभर तुझाच चाललाय.

चिमी: माझा कुठे, त्याचा! डॉक्टर काय म्हणाले होते? त्याच्या ओळखीचं, जवळचं काहीतरी कानावर पडू दे. लिफ्ट दुरुस्त करताना खड्ड्यात पडला, तीन आठवडे झाले, पापणी हलवत नाही. आणि हा लाल घोड्याच्या कव्हरचा अल्बम लावला की ठोके वाढतात. तूपण पाहिलंस ना मशीनवर?

वहिनी: पाहिलं.

चिमी: मग? अगं, सत्तरच्या दशकातलं रॉक आहे ते. माणसं जीव ओतून वाजवायची. रेकॉर्डची दुसरी बाजू सुरूच होते ड्रम्सनं, भिंती हादरतात. मग ऑर्गन, मग गिटार अशी घुसते, जसं कुणी जिन्यावरून धावत वर येतंय. आणि तुझा तो नव्वदचा. गाणारा पांघरुणात तोंड घालून गातोय, आणि ड्रमवाल्याला भीती, की शेजारच्यांची झोपमोड होईल.

वहिनी: भीत नाही तो. जपून वाजवतो.

चिमी: रॉकमध्ये जपायचं कशाला?

वहिनी: मला त्यातलं काही कळत नाही बाई. पण तुझ्या अल्बममध्ये सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. माझ्यातले एकमेकांना बोलू देतात. एक थांबतो, मग दुसरा वाजवतो. शिलाईच्या दुकानात माझं काज-बटणाचं काम संपेपर्यंत हा स्टुलावर बसून तोच ऐकायचा. कितीदा तिथेच डोळा लागायचा त्याचा.

चिमी: बघ! झोपच लागते. आपल्याला उठवायचंय त्याला.

नर्स: थोडं बाजूला होता का? सलाईन बदलते. आणि एक सांगायचं होतं. काल तुम्ही गेल्यावर यांचं बीपी खाली येईना. औषध वाढवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, दुपारी काय लावता ते जरा बघा.

चिमी: म्हणजे ऐकू येतंय त्याला!

नर्स: येत असेल. पण ऐकून बरं वाटतंय की त्रास होतोय, हे मशीन सांगत नाही. घरच्यांनीच ठरवायचं. येते मी.

चिमी: ऐकलंस वहिनी? ऐकू येतंय. त्रास कसला व्हायचा? तुला माहीत नाही, आमचं अख्खं लहानपण त्या रेकॉर्डमध्ये आहे. बाबा कारखान्यातून आले, जेवणं झाली, की कधीकधी दुसरी बाजू लावायचे. आवाज पार शेवटपर्यंत. दादा मला आतल्या खोलीत ढकलायचा आणि बाहेरून कडी घालायचा. म्हणायचा, चिमे, नाच. मी येईपर्यंत थांबायचं नाही, थांबलीस तर हरलीस. मी पलंगावर उड्या मारायचे, घामाघूम. मग रेकॉर्ड संपायची, कडी निघायची, आणि दादा म्हणायचा, जिंकलीस. तोपण तिकडे नाचलेला असायचा. तोंड धुऊन यायचा, केस ओले. आज मी पोरांना नाच शिकवते ना, ते तिथून आलंय.

वहिनी: माहीत आहे मला.

चिमी: त्यानं सांगितलं?

वहिनी: सांगितलं. चिमी, तो स्पीकर बंद ठेव. आज, आणि पुढेही. तो अल्बम त्याला नको.

चिमी: हे तू ठरवणार? बायको झालीस म्हणून? मी त्याला जन्मापासून ओळखते.

वहिनी: तुझ्या जन्मापासून.

चिमी: म्हणजे काय?

वहिनी: काही नाही. माझं ऐक एवढंच.

चिमी: नाही, आता बोललीस तर पूर्ण बोल. अर्धवट बोलून गप्प बसायची सवय आहे तुला. दादाची पण तीच.

वहिनी: त्यानं मला शपथ घातलीये.

चिमी: तो शपथ सोडवायला उठणार आहे का? बोल.

वहिनी: आमच्या लग्नानंतरची गोष्ट. हॉटेलात गेलो होतो, ताटं नुकतीच समोर आली होती. वरच्या स्पीकरवर तेच ड्रम्स लागले. हा उठून बाहेर गेला. मला वाटलं, फोन आला असेल. बराच वेळ झाला म्हणून बघायला गेले, तर फुटपाथवर उकिडवा बसलेला. दोन्ही हात मानेवर, डोकं गुडघ्यात. एवढा थोराड माणूस. मी खांद्याला हात लावला तर म्हणाला, झालं का? संपलं का? मी म्हटलं, काय संपलं? तेव्हा घरी येऊन सांगितलं.

चिमी: काय सांगितलं?

वहिनी: आवाज शेवटपर्यंत का वाढवायचे, ते.

चिमी: बाबांना आवडायचं म्हणून.

वहिनी: शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आधी तुझ्या आईवर हात उचलायचे. हा मधे पडायला लागला, तसा याच्यावर. दुसरी बाजू लांब आहे आणि मधे कुठे शांत होत नाही, म्हणून ती.

चिमी: काहीतरीच. बाबा मला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचे. साधा ओरडासुद्धा बसला नाही मला कधी.

वहिनी: तुला नाही बसला.

चिमी: मग?

वहिनी: कडी कोण घालायचं चिमी?

चिमी: दादा.

वहिनी: तू नाचत असलीस की पलंग वाजायचा. तो आवाज लाकडी दारातून त्याला कळायचा. म्हणाला, पलंग वाजतोय म्हणजे ती दाराशी आलेली नाही, एवढंच मी ऐकत राहायचो. बाकीचं मग फार लागायचं नाही.

चिमी: तो तोंड धुऊन यायचा.

वहिनी: हं.

चिमी: आई?

वहिनी: आई फरशी पुसत असायच्या.

चिमी: मला का नाही सांगितलं? मी आता चाळिशीला आलेय. बाबा गेले तेव्हा मी ऊर बडवून रडले, हा शेजारी उभा होता. माझी पाठ थोपटत होता.

वहिनी: मी तेव्हाच म्हटलं होतं, आता सांग. तो म्हणाला, त्या घरातलं एकीचं तरी लहानपण शाबूत राहिलंय, ते कशाला मोडायचं. मीही मग विषय काढला नाही. आज काढायला लागला.

चिमी: त्याच्या वाढदिवसाला मी ती रेकॉर्ड शोधून शोधून आणली. कव्हरसुद्धा जुनंच, तोच लाल घोडा. त्यानं मिठी मारली मला.

वहिनी: हो.

चिमी: आणि तुमच्याकडे आले की प्लेअरवर तीच असायची.

वहिनी: तू येणार असलीस की कपाटातून काढून ठेवायचा. म्हणायचा, तिला बरं वाटतं. तू गेलीस की घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायचा, थंडी असली तरी.

चिमी: आणि मी आठवडाभर त्याच्या कानाशी... उठूनही जाता येत नाही त्याला.

वहिनी: तुला माहीत नव्हतं.

चिमी: तुला माहीत होतं. पहिल्याच दिवशी का नाही थांबवलंस?

वहिनी: ठोके वाढले होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. मलाही वाटलं, कसं का होईना, उठू दे. रागानं उठू दे, भीतीनं उठू दे. म्हणून बसून राहिले. आता त्या औषधाचं ऐकलं आणि राहवलं नाही.

चिमी: आणि तुझा अल्बम? तो कुठून आणला त्यानं?

वहिनी: लिफ्टचं काम शिकायला घर सोडून गेला ना, भाड्याच्या खोलीत राहायचा. बरोबरच्या एकाची कॅसेट होती. पहिल्या पगारातून ती त्याच्याकडून विकत घेतली. सांगायचा, ती लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा दाराकडे पाठ करून झोपलो. वाजवलंय किती चांगलं, गाणारा किती मोठा, असलं काही बोलला नाही कधी. अख्ख्या अल्बममध्ये कुणी आवाज चढवत नाही, एवढंच म्हणायचा.

चिमी: मला वाटायचं, तुझ्यामुळे मवाळ झाला. तू त्याची आवड बिघडवलीस. मी लोकांकडे बोललेयसुद्धा तसं.

वहिनी: आलं होतं कानावर.

चिमी: लाव.

वहिनी: तुला नाही आवडत.

चिमी: लाव ना वहिनी. मी कधी नीट ऐकलाच नाही तो. लागला की टिंगल करायचे.

वहिनी: हा घे, लावला. फोन तिथेच ठेव, उशीपाशी.

चिमी: हे काय, अजून सुरू नाही झालं?

वहिनी: झालंय. अशीच सुरुवात आहे. लांबून कुणीतरी चालत येतंय असं वाजतं.

चिमी: हं. येतंय ऐकू.

वहिनी: आता गिटार येईल. एकच तार, बराच वेळ.

चिमी: मशीनवर काही फरक नाही.

वहिनी: नाही.

चिमी: ठोके वाढत पण नाहीत, कमी पण होत नाहीत. याचा अर्थ काय?

वहिनी: मला नाही माहीत. कदाचित काहीच नाही. डॉक्टर काल मला बाजूला घेऊन म्हणाले, आता फार आशा धरू नका. तुला संध्याकाळी सांगणार होते.

चिमी: आणखी काय काय सांगायचं राहिलंय?

वहिनी: आता काही नाही. सगळं झालं.

नर्स: भेटायची वेळ संपली. एकीलाच थांबता येईल.

चिमी: वहिनी थांबेल.

वहिनी: नाही. आज ही थांबतेय. मी खाली जाऊन चहा घेते.

चिमी: मी एकटी काय करू इथे? काय बोलू त्याच्याशी?

वहिनी: काही बोलायला नको. हात धरून बस. फक्त आवाज वाढवू नकोस.