उमरच्या लॅपटॉपवर बनायचं

कीर्तनाहून परतणाऱ्या राजकुंवरअक्का जळगावच्या स्थानकात धुळ्याच्या गाडीसाठी थांबल्या होत्या. शेजारच्या बाकावर त्याच गाडीची वाट बघत, लॅपटॉप उघडून दोघं बोलत होती.

"जुनैद, धुळ्याच्या अंधशाळेतली पोरं आज वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामची वाट बघताहेत. त्याचं बसवायचं पॅकेज का बनत नाही?"

"पलक, हे बनतं कम्प्युटरच्या आतल्या बंद खोलीत. आपण सांगू तेवढंच आत येतं. रूटचा, म्हणजे मशीनच्या मालकाचा, हक्क आपल्याला नाही, म्हणून बाहेरून हातानं काही टाकताही येत नाही."

"उमरकडे तर बनायचं!"

"त्यानं आवाज काढणारा तयार कोड, ती लायब्ररी, दुरुस्त करून फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवली होती; तीच इथं नाही. कुणाला बोललाच नाही."

"मग तिथून घे ना, शहाण्या!"

"उमर गेला, त्याच्या चाळिसाव्यानंतर मीच लॅपटॉप पुसून कोरा केला. त्याच्या बहिणीला, महेकला, कॉलेजसाठी."

"ती काही बोलली नाही?"

"म्हणाली होती, 'भाईजानचं आहे तसं राहू द्या.' मीच म्हटलं, कचरा आहे बठ्ठा, सगळाच."

अक्कांच्या ओठांवरचा अभंग थांबला.

धुळ्याची गाडी लागली. तिघांपैकी कुणीच उठलं नाही.