उगवायच्या आधीची हळद

माझं नाव कासाबाई. माहेर म्हणा का सासर म्हणा, गोरेगावाजवळचं हेच गाव, कारण लग्न काही झालं न्हाई. तीन वर्षांची असताना ताप आला आन् पाय गेले, तवापासून दोन हातांवर सरकत चालते. भाऊ वाईट न्हाई, भावजय बी न्हाई, पण कामच सांगायचे न्हाईत, तू बस म्हणायचे. काय सांगू तुमाला, बस बस ऐकून माणूस गोवरीसारखं वाळून जातं.

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात मास्तरांनी शाळेमागचा पडीक तुकडा आमाला मिळवून दिला. आमी तिघं. मी, तांड्यावरचे धनसिंगदादा, त्यांना दिसत नव्हतं, आन् गंगी, तिला ऐकू येत न्हाई. सरपंच म्हणले, एक पीक काढून दाखवा, न्हाई तर तुकडा पोरांना खेळायला. वाफे आमी अरुंद केले, बसल्या जागी माझा हात मधापर्यंत पुरावा असे. लोक म्हणले, नऊ महिन्यांची हळद काहून लावता, मेथी लावा. दादा म्हणले, हळदीला ढोर तोंड लावत न्हाई, मेथी राखायची कोणी, आंधळ्यानं, बहिरीनं का पांगळीनं? लई हसलो. गंगीला खुणेनं सांगितलं, ती सगळ्यात उशिरा आन् सगळ्यात जास्त हसली.

हळद वर यायला तीन आठवडे लागतात, तवर रान रिकामंच दिसतं. बेणं, म्हंजे हळदीचे गड्डे, लावून आठ दिवस झाले आन् जिल्ह्याचे मोठे साहेब अपंगांच्या बागेचं उद्घाटन करायला येणार असं ठरलं. सकाळी जाऊन बघतो तर मांडव आमच्या वाफ्यांवर. मांडववाल्याला मोकळी जागा दिसली, त्यानं खांब रोवले, खुर्च्या मांडल्या. मास्तर पळत आले, पण तवर गाडी बी आली. सत्कार माझा आन् स्टेजला तीन पायऱ्या, शेवटी शिपायानं शाल खाली आणून दिली. साहेब तासभर बागेचं कौतुक करून राहिले, बाग त्यांच्या बुटाखाली. दादा उठले आन् म्हणले, साहेब, पाय उचला, खाली हळद हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना ते भाषणच वाटलं.

मांडव उठला तवा माती दगडासारखी दबलेली. मी घरी येऊन रडले, वाटलं आता परत उंबऱ्यात बसायचं. दुसऱ्या दिवशी दादा वाफ्यात बसून बोटांनी माती उकरून राहिले होते. एकेक बेणं चाचपायचे, चेचलेलं बाजूला टाकायचे, चांगलं परत पुरायचे. मी बी सरकत गेले. गंगी पाणी आणायची. पाच दिवस लागले.

मग वाट बघणं. सरपंच रोज वाफ्यांजवळच्या वाटेनं जायचे, थांबून बघायचे. एका सकाळी दादांनी माझा हात धरून मातीवर ठेवला. तळव्याला कोंब टोचला. आली, म्हणले.

निम्मी आली. काढणीला सरपंच म्हणले, हे तर अर्धंच पीक हाय. दादा म्हणले, व्हय, अर्ध्यावर तुमचा मांडव होता. त्यानंतर तुकडा परत घ्यायचं कोणी काढलं न्हाई.

दादा जाऊन दोन वर्षं झाली. आता बागेत आमी सात जण हावोत. बेणं लावलं की मी रोज सकाळी हात फिरवते, दादांसारखा. परवाच लावलंय, दिसत न्हाई अजून. तुमी येताना वाफ्यावर पाय न देता वाटेवरूनच आलात, बघितलं मी. सुखी राहा.