सुटली नाही, झाडली

कोल्टर्स बेंड पोलीस ठाणे, केंटकी. सोमवार, दि. १६ ऑक्टोबर २०२३, सकाळी ११.०५.
नाव : वर्लीन मे स्टकी. वय : ६७ वर्षे. धंदा : निवृत्त, शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षे नोकरी, सध्या दर शनिवारी बंदूक क्लबात सुरक्षेची देखरेख. राहणार : ११४-ब, टॅनरी स्ट्रीट, कोल्टर्स बेंड.

ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती हार्लन (वय ७१) याच्यासह अकरा वर्षे राहते. आमचे जोडघर आहे. एका छपराखाली दोन बिऱ्हाडे आणि मध्ये एक भिंत. पलीकडे ‘अ’ मध्ये ब्रेंट कार्डवेल (वय ४३, फरशीच्या दुकानात विक्रेता) व त्याची बायको टोनिया राहतात. भिंत जिप्समच्या दोन पातळ फळ्यांची, मध्ये नुसती हवा. तिकडे ब्रेंट शिंकला की इकडून हार्लन ‘देव भलं करो’ म्हणतो, आणि तिकडून ‘थँक यू’ येते.

शनिवार दि. १४ रोजी दुपारी १ वाजून १० मिनिटांनी ‘अ’ मध्ये ब्रेंट कार्डवेलच्या पिस्तुलातून गोळी सुटली. (वाक्य खोडले. असे वाचावे : ब्रेंट कार्डवेलने पिस्तुलातून गोळी झाडली. सही, व. स्टकी)

पिस्तूल कसे व का घेतले, हे विचारल्यावरून सांगते. मार्च महिन्यात दोन गल्ल्या सोडून एकाच्या शेडमधून गवत कापायचे यंत्र चोरीला गेले. त्यावरून ब्रेंटने घराच्या रक्षणाचे मनावर घेतले. ते यंत्र पुढे मालकाच्या मेहुण्याकडे सापडले, पण तोवर ब्रेंट क्लबाचा सभासद झाला होता. गावात सगळे मला लग्नानंतरही ‘मिस’च म्हणतात, तसा तो म्हणाला, “मिस वर्लीन, मला एकच पिस्तूल हवंय. शनिवारी क्लबात चालेल आणि घराच्या रक्षणालाही चालेल असं. मोठं, पूर्ण मापाचं.”

मी म्हणाले, “तुझ्या मागच्या दाराची कडी तीन वर्षं तुटलेली आहे. ती आधी लाव.”

“ते वेगळं हो, मिस वर्लीन.”

त्या दाराला आतून रंगाचा डबा टेकवून ठेवलेला असतो. डबा रिकामा आहे. हार्लनने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येतो म्हणून दोनदा सांगितले होते. ब्रेंटला सवड नव्हती, कारण तो पिस्तुलांची परीक्षणे वाचत होता.

ही निवड सहा महिने चालली. मी अडतीस वर्षांपूर्वी हार्लनला निवडला तेव्हा इतका वेळ घेतला नव्हता. क्लबात भाड्याने मिळणारी अकरा पिस्तुले ब्रेंटने चालवून पाहिली. एकाची मूठ जाड, एकाचा चाप जड, एकाची नेम धरायची माशी बारीक, एकाचा धक्का जास्त. एक सर्व बाबतींत चांगले होते, पण तपकिरी होते. अकराच्या अकरा पिस्तुलांच्या गोळ्या कागदावर डावीकडे खाली लागत. नाचता येईना, अंगण वाकडं. मी त्याला सांगितले, “पिस्तुलाचा दोष नाही. चाप ओढताना तू डोळे मिटतोस.”

“डोळे नाही हो. मूठच हाताला बसत नाही.”

मला विचारले असता मी एवढेच सांगितले की, जे हाताला बसेल ते घे, दोन हजार गोळ्या झाड, मग बोल. दुसरे असे सांगितले की एकाच हत्याराने दोन संसार करणे सोपे नाही. क्लबात ते सांगेपर्यंत रिकामे असते. घरी रक्षणाला ठेवले की भरलेले असते. कुठल्या घरी आपण आहोत, हे हत्याराला कळत नाही, माणसाला कळावे लागते. हे त्याने वहीत लिहून घेतले.

जुलैमध्ये एका संध्याकाळी ब्रेंट आमच्या ओसरीवर येऊन कुठली गोळी किती भिंती पार करते, हे तासभर समजावत होता. सरावाची स्वस्त गोळी आरपार जाते. घरासाठीची महाग गोळी आत शिरली की फुलते आणि तिथेच थांबते, म्हणून शेजाऱ्यांना धोका कमी.

मी विचारले, “कुठल्या भिंती म्हणतोस?”

“म्हणजे साधारण भिंती.”

“ब्रेंट, तुला एकच भिंत आहे. तिच्या पलीकडे हार्लन बसतो.”

तो हसला. हार्लनही हसला. मीही हसले, हे लपवून उपयोग नाही.

महाग गोळ्यांचा डबा त्याने दुसऱ्याच दिवशी आणला. तो आजही त्याच्या ड्रॉवरमध्ये सीलबंद आहे. टोनियाने विचारले तेव्हा तो म्हणाला होता की त्या खऱ्या वेळेसाठी ठेवल्यात.

सप्टेंबरात पिस्तूल ठरले. ज्या जातीचे त्याने घेतले, त्यात साफसफाईसाठी भाग सुटे करण्याआधी चाप ओढावा लागतो. नळी रिकामी असली तर नुसते टक् वाजते. माहीतगार माणूस आधी नळीत डोळ्याने बघतो, मग बोट घालून बघतो, मग ओढतो. तसे केले तर त्यात काही वावगे नाही. पण मी ब्रेंटला ओळखते. त्याने या वर्षात चार वेळा किल्ली आत ठेवून गाडी बंद केली आहे. मी दुकानातच म्हणाले, “हे तुझ्यासाठी नाही. तू विसरतोस.”

“मिस वर्लीन, याला परीक्षणात पाचपैकी चार पूर्णांक नऊ आहेत.”

“आणि तुला किती आहेत?”

त्याला राग आला असावा. दोन शनिवार तो माझ्याशी कामापुरतेच बोलला.

घटनेच्या दिवशी साडेअकरापर्यंत तो क्लबात होता. जाताना पिस्तूल मी स्वतः तपासले. रिकामे होते. रजिस्टरला माझी सही आहे. पुढचे ब्रेंटनेच मला ओसरीवर सांगितले, ते असे. घरी आल्यावर घराच्या रक्षणासाठी त्याने ते भरले. खिशात सरावाच्या गोळ्या उरल्या होत्या, त्याच भरल्या. मग जेवला. मग आठवले की पिस्तूल साफ करायचे राहिले. मॅगझीन काढली. मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढली तरी एक गोळी नळीत चढलेली राहते. हे सभासदाला पहिल्या दिवशी शिकवतात. त्याला मीच शिकवले होते. तरी नळीत न बघताच त्याने चाप ओढला.

त्या वेळी आमच्या घरी मी स्वयंपाकघरात होते. घेवड्याचे सूप झाले होते आणि मक्याचा पाव ताटात काढला होता. टीव्हीवर फुटबॉल लागला होता, आमची टीम हरत होती. हार्लनची आरामखुर्ची मधल्या भिंतीला पाठ लावून आहे. बायपासनंतर तो दिवसातले आठ तास तिच्यात असतो. एक वाजण्याच्या सुमारास तो वर्तमानपत्र घेऊन बाथरूममध्ये गेला. तो आत गेला की लवकर येत नाही. अडतीस वर्षे मी त्यावरून त्याला बोलत आले. त्या दिवशीही मी तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदा म्हणाले, “पाव गार होतोय. तिथेच राहायला गेलास का?”

तो म्हणाला, “आलो, आलो.” पण आला नाही.

तेवढ्यात आवाज झाला. गोळी भिंतीतून आली, खुर्चीच्या डोके टेकायच्या जागेतून गेली आणि टीव्हीत शिरली. सार्जंट पोटीट यांनी माप घेतले, खुर्चीतले भोक अगदी मधोमध आहे. सात महिन्यांत ब्रेंटचा इतका मध्यावर लागलेला नेम मी पाहिला नव्हता.

मी खुर्चीकडे बघत उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला ती रिकामी आहे हे दिसत होते, पण समजत नव्हते. मग आतून हार्लनचा आवाज आला, “वर्लीन, टीव्ही का बंद केलास?” तेव्हा मी जमिनीवर बसले.

ब्रेंट ओसरीवर आला. पायांत नुसते मोजे होते. तो एकच वाक्य म्हणत होता, “सुटली, मिस वर्लीन. आपोआप सुटली.”

मी विचारले, “पिस्तूल कुठे आहे?”

“टेबलावर. मॅगझीन काढलेलीच होती हो, म्हणून तर...”

मी पलीकडे जाऊन पिस्तूल तपासून उघडे ठेवले आणि ठाण्याला फोन केला. परत आले तेव्हा ब्रेंट पायरीवर बसून ओकत होता आणि हार्लन त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. आमच्या गल्लीत अकरा वर्षांत कुणाच्या घरी विचारल्याशिवाय काही शिरले नव्हते. पहिल्यांदा शिरली ती गोळी सुटली तेव्हा. (‘गोळी सुटली तेव्हा’ खोडून ‘ब्रेंटने झाडलेली गोळी’ केले. सही, व. स्टकी)

रविवारी चर्चमध्ये पाद्री म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी. हार्लन म्हणाला, “देव नाही, पाद्रीबाबा. बद्धकोष्ठ.”

त्याच दुपारी अडीच वाजता टोनिया मक्याचे पुडिंग घेऊन आली. हवापाण्याचे बोलली, हार्लनच्या औषधाच्या गोळ्यांचे विचारले. ताकाला येऊन भांडे लपवत होती. मीच म्हणाले, “टोनिया, बोल काय ते.”

ती म्हणाली, “उद्या ठाण्यात एवढंच सांगा की साफ करताना सुटली. तसं लिहिलं तर अपघात होतो. झाडली लिहिलं तर बेपर्वाईचा गुन्हा होईल, पिस्तूल जाईल, क्लबातून नाव जाईल. तो रात्रभर झोपलेला नाही, मिस वर्लीन. त्याने काय मुद्दाम केलं का?”

“मुद्दाम नाही केलं. पण केलं त्यानेच.”

येथे सांगणे जरूर आहे की दर दुसऱ्या गुरुवारी टोनियाच हार्लनला चाळीस मैलांवर हृदयाच्या डॉक्टरकडे नेते. हार्लनला गाडी चालवायची मनाई आहे, आणि २०१९ च्या बर्फात पुलावरून घसरल्यापासून मी हायवेवर गाडी घालत नाही. तिने एकदाही पेट्रोलचे नाव काढलेले नाही. येता गुरुवार त्याच्या तपासणीचा आहे. ती हे बोलली नाही, मीही बोलले नाही. पुडिंग टेबलावर तसेच झाकलेले होते.

ती गेल्यावर हार्लन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पलीकडे गेला आणि त्यांच्या मागच्या दाराची कडी लावून आला. दहा मिनिटे लागली.

मला ब्रेंटला तुरुंगात घालायचे नाही. तो वाईट माणूस नाही. बर्फ पडला की आमच्या पायऱ्या तोच साफ करतो. माझाही दोष लिहून घ्यावा. क्लबात मी त्याला ‘रिकामे’ हा शब्द शंभरदा म्हणायला लावला, पण घरी तू काय करतोस, हे एकदाही विचारले नाही. भिंतीचे बोलणे झाले तेव्हा मी हसले.

जबाब लिहिताना सार्जंट डेल पोटीट म्हणाले, “मिस वर्लीन, ‘गोळी सुटली’ असंच लिहायची पद्धत आहे.” डेल आमच्या शाळेत होता. पाच वर्षे त्याला मी बटाटे वाढले आहेत, म्हणून त्याला म्हणाले, “डेल, एकतीस वर्षांत माझ्या जेवणघरात एकाही पोराने ट्रे पाडला नाही. सगळे आपोआप पडले. तुझे तर आठवड्याला दोन पडायचे. ट्रेला पाय असतात का?”

“नाही, मॅडम.”

“मग पिस्तुलाला बोट असतं का? चुकून लिही, हवं तर दोनदा चुकून लिही. पण कुणी, ते लिही. हार्लन खुर्चीत असता, तर ‘हार्लन मेला’ एवढंच लिहिलं असतंस का, आपोआप मेल्यासारखं?”

त्यावर सार्जंटांनी नवीन पेन घेतले.

गुरुवारी हार्लनला कोण नेईल, हे मला आज माहीत नाही. मला त्याची भीती वाटते. तरी शब्द तोच ठेवावा.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. गोळीच्या वाक्यात सार्जंटांनी सवयीने परत ‘सुटली’ वाचले. या ठाण्याची मधली भिंतही आमच्या घरासारखीच आहे, आणि पलीकडच्या बाकावर ब्रेंट स्वतःच्या जबाबासाठी बसलेला होता. भिंतीतून त्याचा आवाज आला, “झाडली, डेल. मीच झाडली. तसं लिही.”

सार्जंटांनी तसे लिहिले. थोड्या वेळाने भिंतीतून पुन्हा आवाज आला, “पण चापही जरा हलकाच होता.”

हेही लिहून घ्यावे, असे मी सांगितले. लिहून घेतले. खाडाखोड केली तिथे माझ्या सह्या आहेत. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरवले आहे, ऐकून खात्री केली, बरोबर आहे.

सही : वर्लीन मे स्टकी
समक्ष : सार्जंट डी. पोटीट